तिरक्या झोपडीकडे पाठ

सोमवार, बाजारवार लेगी, १५ जानेवारी

न्दुक लारास, माझ्या पोरी,

हे पत्र एंदाह लिहिते आहे, मी नुसतं तोंड चालवते आहे. चालवण्यासारखं माझ्याकडे आता तेवढंच उरलंय. तारांगणाला सोमवारी सुट्टी, म्हणून तिकीट खिडकीवरची ही तुझी मैत्रीण सोमवारी माझ्या पडवीत सापडते. ईदचं कार्ड तू हिला पाठवलंस, तुझ्या म्बाहला, सख्ख्या आजीला नाही, त्यामुळे पत्ताही हिच्याचकडे. "फोनवर कळवू या ना, म्बाह," असं म्हणत होती. मी म्हटलं, फोनचं तोंड अंगठ्यानं दाबता येतं. कागद फेकायचा तरी आधी हातात घ्यावा लागतो.

आम्ही बरे आहोत. तुझा बापही बरा आहे. पेज खातो. बोलत नाही फारसा, पण तो कधी बोलायचा? गवंडी माणूस, तोंडात खिळे आणि हातात ओळंबा, एवढ्यावर त्यानं जन्म काढला.

सध्या आम्ही दोघं दर रविवारी तारांगणात जातो. दुपारच्या खेळाला. हसू नकोस. तिथली हवा थंड असते आणि जोग्या शहरात या वयाच्या बाईला थंड हवेत फुकट बसू देणारी दुसरी जागा नाही. एंदाह आम्हाला बाजूच्या दारानं आत सोडते. (हे मी लिहायला नको सांगितलं होतं. लिहिलंस ना, एंदाह? बरं, राहू दे.)

पहिल्या दिवशी गंमत झाली. घुमटाच्या दाराशी मी चपला काढल्या. कुणाच्या तरी घरात पाऊल टाकतोय असंच वाटलं. माझ्या मागे शाळेच्या पोरांची रांग होती. त्यांना वाटलं इथला नियमच आहे. खेळ संपून बाहेर येतो तर अख्ख्या शाळेचे बूट माझ्या चपलांशेजारी, आणि बाई कपाळाला हात लावून जोड्या जुळवत बसलेल्या. मी माझ्या चपला घातल्या आणि निघाले. माझ्या तरी ओळखू येतात, एकीचा पट्टा तारेनं बांधलाय.

पुढच्या दालनात तो काटा अजून आहे, चंद्रावर आपलं वजन किती ते सांगणारा. मी उभी राहिले. एंदाहनं आकडा वाचला आणि म्हणाली, "म्बाह, तिथं तुम्ही दोन कोंबड्यांएवढ्या." मी म्हटलं, मग माझ्या लेकाला तिथं मी एकटीनं उचललं असतं. आत्ता तिची लेखणी थांबली आहे. लिही गं.

खेळ जुनाच आहे. म्हणजे आवाज तुझाच आहे, इथं नोकरीला असताना तू भरून ठेवलेला. दिवे मालवले, सूर्य बुडाला की वरून तू बोलायला लागतेस. आजूबाजूची पोरं दाणे खात असतात, त्यांना काय ठाऊक की ही वरून बोलणारी लहानपणी कडू जामूचा काढा प्यायला लावला की माझ्याच पदरात थुंकायची. मग तुझं ते ठरलेलं येतं. "मुलांनो, आपल्या आकाशात उत्तरेची खूण सांगणारा तारा नाही. म्हणून आधी तिरकी झोपडी शोधा. चार ताऱ्यांची. ती दक्षिण. आता तिच्याकडे पाठ करा आणि समोर हात करा. सापडली उत्तर?" मग तू थांबतेस, पोरं धडपडत उठतात, एकमेकांच्या पायावर पाय देतात, शंभर हात शंभर दिशांना जातात. मग तू म्हणतेस, "छान!"

तुझा बापही हात करतो. त्याची खुर्ची रखवालदार नेहमी एकाच जागी लावतो, झोपडीकडे पाठ करून. त्याचा हात बरोबर उत्तरेला जातो, एक बोटही इकडेतिकडे नाही.

यंदा ईदला येणार असशील तर तांदूळ आधीच भिजत घालीन.

तुझी म्बाह वाकिनेम


सोमवार वागे, १२ फेब्रुवारी

लारास,

तुझं उत्तर नाही. टपाल हळू चालतं, असं एंदाह म्हणते. ती असलं दयेचं खोटं बोलते तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात.

आज तिनं लेखणी खाली ठेवून मला दम दिला. "म्बाह, मागच्या पत्रात तुम्ही 'खुर्ची' लिहायला लावलंत. चाकाची खुर्ची असं का नाही सांगितलंत? 'पेज खातो' म्हणालात. कोण भरवतं ते? खरं सांगणार असाल तर लिहिते, नाहीतर दुसरी कारकून शोधा."

दुसरी कुठून आणू? तेव्हा ऐक.

गेल्या वर्षी कापणीच्या सुमारास तुझा बाप, माझा सुगिमान, एका भिंतीवर बसला. हाताखालच्या पोरांना वाटलं मिस्त्री ओळ बघतोय. दोरी हातातच होती. पोरं विटा देत राहिली, तो घेईना. खाली उतरवला तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं. आणि जीभ. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं, कळतं किती ते सांगता येत नाही. त्याला हाक मारतात, चिमटे काढतात, "हे बोट हलवा, ते बोट हलवा." तो भिंतीकडे बघतो. मी आई आहे, माझ्याकडेही भिंतीकडे बघावं तसंच बघतो. मागे प्लास्टर करायचं राहिलं असेल माझं.

मग एंदाह म्हणाली, याला एकदा घुमटात आणू या. आणला. आणि वरून तू म्हणालीस, हात करा, तर या माणसानं हात केला. डावा. अल्लाशपथ, रखवालदाराच्या हातातून बॅटरी पडली. तेव्हापासून दर रविवारी. आठवडाभर मेल्यासारखा पडून असतो आणि रविवारी एवढ्यापुरता जिवंत होतो. आणि तू "छान!" म्हणतेस ना, तेव्हा त्याच्या ओठाचा एक कोपरा हलतो. हसू आहे की लाळ आहे, मला कळत नाही. मी पुसते.

आता समजलं थंड हवा म्हणजे काय?

एंदाह पडांगची, आमच्याकडच्या रीती तिला ठाऊक नाहीत. तिनं विचारलं, "पण म्बाह, भांडण तरी कशाचं?" तिला सांगितलं. तुझा नवरा बागास, त्याचं गाव आपल्या घरापासून आधी उत्तरेला आणि मग पश्चिमेला. आमच्यात त्या वाटेनं लेक देत नाहीत. मढ्याचं डोकं उत्तरेला आणि तोंड पश्चिमेला करून पुरतात, म्हणून ती वाट मरणाची. ती म्हणाली, "बस्स? एवढंच?" मी म्हटलं, बाई, ज्यानं उभी हयात दोरीनं उत्तर धरून लोकांची घरं उभी केली, त्याला हे 'एवढंच' नसतं.

मी तेव्हा तोडगा काढला होता, आठवतं? तुला चार दिवस मावशीकडे ठेवायचं, तिथून वरात काढायची. मावशीच्या घरापासून बागासचं घर सरळ उत्तरेला पडतं. सगळे असंच करतात. आकाश काय खाली वाकून बघतंय? बाप अर्धा तयार होता. तूच उसळलीस. "मी रोज शेकडो पोरांना खरी दिशा दाखवते, म्बाह, आणि स्वतःच्या लग्नाला खोट्या घरातून निघू?"

सुगिमान म्हणाला, "आकाशात तुझं राज्य असेल. जमिनीवर माझी दोरी चालते."

"दोरी मोठी की लेक, बापाक?"

"दोरी खोटं बोलत नाही."

"मीही नाही बोलले! म्हणून तर इथं उभी आहे!"

आणि मग तू ते म्हणालीस. तुम्ही स्वतःच्या तोंडानं बोलावल्याशिवाय या घरात पाय ठेवणार नाही. तो म्हणाला, "बस वाट बघत." बापाच्या जागी काझीला वली करून तू लग्न लावलंस आणि बागासच्या मागून गेलीस हॉलंडला, काचेच्या घरात फुलं वाढवायला. एंदाहनं भिंतीवरच्या नकाशात दाखवलं हॉलंड कुठं ते. उत्तर आणि पश्चिम. बाप तीन गावांच्या वाटेला घाबरला, तर तू त्याच वाटेनं जमीन संपेपर्यंत चालत गेलीस. हट्टात कोण कुणाचं, हे सांगायला मला शिकायची गरज नाही.

तर पोरी, त्यानं तोंडानं बोलवायचं आहे. आणि तोंड नाही. यावर तुझं काय म्हणणं आहे?

म्बाह


सोमवार क्लिवोन, ४ मार्च

लारास,

आज चेष्टा कमी करणार आहे, एंदाहला घाई आहे. तारांगणाचं जुनं यंत्र काढताहेत. येत्या रविवारचा दुपारचा खेळ शेवटचा. मग रमझान, मग दुरुस्ती, मग नवं यंत्र आणि जकार्ताहून आलेला नवा खेळ. त्यातला आवाज एका पुरुषाचा आहे. ऐकवला मला. रेडिओवर तांदळाचे भाव सांगतात तसा शनीबद्दल बोलतो. तिरकी झोपडी त्यात नाहीच. हात करा असंही कुणाला सांगत नाही. सगळ्यांनी गुपचूप बसायचं.

मी मोठ्या साहेबांकडे गेले. चांगला माणूस. चहा दिला, बशीत तळलेली केळी दिली. म्हणाला, "म्बाह, माझ्या हातात असतं तर. हे वरून ठरलंय." मी वर बघितलं. पंखा होता, तोही बंद. मग दोघंही केळी खात बसलो, कारण आणखी काय करणार?

तू म्हणशील, आवाज उतरवून घ्या. घेतला. एंदाहनं फोनमध्ये भरून आणला. उशीजवळ ठेवला, तू बोललीस, हात करा म्हणालीस. काही नाही. खोलीत अंधार केला, खिडकीवर गोधडी टांगली. काही नाही. फोन एका काठीला बांधून त्याच्या डोक्यावर धरला, माझे दंड भरून आले. त्यानं डोळे मिटले. शेवटी मीच तुझ्यासारखा आवाज काढला. "मुलांनो, तिरकी झोपडी शोधा!" त्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, तू जामूच्या पेल्याकडे बघायचीस तसं. तेवढंच मिळालं त्या दिवशी. मला तेही पुष्कळ वाटलं.

तो घुमटातच का हात करतो, मला ठाऊक आहे असं वाटतं. तू पाच-सहा वर्षांची असशील. तुझी आई जाऊन फार दिवस झाले नव्हते, तू रात्री रडायचीस. हा तुला अर्ध्या बांधलेल्या घराच्या वाशावर घेऊन बसायचा. छप्पर नाही, वर सगळं उघडं. "ती बघ झोपडी. गवंडी रस्त्यानं चाललेल्या पोरीकडे बघत बसला म्हणून तिरकी झाली. म्हणून मी कधी दोरीवरची नजर हलवत नाही." मग तुला पाठ फिरवायला लावून म्हणायचा, "हात कर. सापडली उत्तर? छान." ते 'छान' तू त्याचंच उचललं आहेस. त्याचा आवाज त्याला आता तुझ्या तोंडून ऐकू येतो, तोही दर रविवारी, आणि या रविवारनंतर तोही नाही.

विमानानं दीड दिवसात येता येतं, एंदाह सांगते. हे पत्र त्याच्याआधी पोचणार नाही, हेही तीच सांगते. तिनं फोनवरही पाठवलंय यातलं थोडं. तू वाचल्याची खूण आली म्हणे. पुढे काही नाही.

मला खूण वाचता येत नाही. मला काहीच वाचता येत नाही. माझ्यावर राग असेल तर तसं लिही, एंदाह मला वाचून दाखवील. रागाचंही चालेल.

म्बाह


सोमवार पाहिंग, ११ मार्च

न्दुक,

काल झाला शेवटचा खेळ. जे दिसलं ते सांगते. अर्थ लावत नाही.

मी त्याला दाढी करून नेला. निळा बाटिकचा सदरा घातला, तुझ्या पदवीच्या दिवशी घातला होता तो. आता त्यात दोन सुगिमान मावतील. एंदाहनं खिडकी दुसऱ्याकडे दिली आणि आमच्यामागे येऊन बसली. रखवालदारानं खुर्ची नेहमीच्या जागी लावली, चाकाखाली पाचर ठोकली आणि म्हणाला, "मिस्त्री, आज जोरात हात करा हां."

दिवे गेले. सूर्य बुडाला. तू आलीस. तिरकी झोपडी आली. समोरच्या रांगेत एक पोरगी आईला विचारत होती, "ही बाई कुठं बसलीये?" आई म्हणाली, "गप, वर बघ." मला सांगावंसं वाटलं, बाळ, तेच तर आम्हीही विचारतोय.

तू म्हणालीस, हात करा. केला त्यानं. उत्तरेला, नेहमीसारखा, बाणासारखा. तू म्हणालीस, छान. ओठाचा कोपरा हलला. इथपर्यंत नेहमीचं. एरवी एवढं झालं की हात मांडीवर पडतो आणि मी तो पदराखाली झाकून घेते, गार पडतो म्हणून. काल मी पदर पुढे केला, तर हात खाली येईना.

तू पुढं शनीबद्दल, गुरूबद्दल बोलत राहिलीस. हात तसाच. मी म्हटलं, "ले, पोरा, दुखेल. खाली घे." घेतला नाही. मग तो हळूहळू सरकला, उत्तरेकडून पश्चिमेकडे, आढ्यावर तुळई सरकवतात तसा, थोडा सरकवायचा, थांबायचं, बघायचं, पुन्हा सरकवायचा. उत्तर आणि पश्चिम यांच्या बरोबर मधे थांबला. मग त्यानं तळवा खाली केला आणि बोटं दुमडली. उघडली. पुन्हा दुमडली. आपण अंगणातल्या पोराला घरात बोलावतो ना, तशी.

किती वेळा ते विचारू नकोस, मी मोजत नव्हते.

मग पहाट झाली, म्हणजे यंत्रानं केली. कोंबडा आरवला, पोरं हसली, दिवे लागले आणि हात धप्पकन मांडीवर पडला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. भिंत.

बाहेर आल्यावर एंदाहला विचारलं, तू बघितलंस? ती म्हणाली, मी मागे होते, मला पाठ दिसली. रखवालदार म्हणाला, "म्बाह, वाईट वाटून घेऊ नका, हात ताणला की बोटांना पेटके येतात. माझ्या वडिलांना यायचे." असेल. डासही असेल. घुमटात डास आहेत, त्यांनाही थंड हवा आवडते.

पण मी जामूची पाटी पाठीवर घेऊन उभी हयात गल्ल्यांतून हिंडले आहे. कुठल्या खिडकीतला हात मला बोलावतोय आणि कुठला नुसताच केस सावरतोय, हे मला लांबून कळायचं. त्यावर माझं पोट चालायचं. काल मला कळलं नाही. सगळं आयुष्य येत होतं आणि काल आलं नाही.

तू म्हणाली होतीस, तोंडानं. हे तोंडानं नव्हतं. आणि डाव्या हातानं होतं, तेही खरं. डाव्या हातानं कुणाला काही दिलं तर हा माणूस तुझ्या बोटांवर फूटपट्टी मारायचा. राग मानू नकोस. उजवा राहिला नाही.

उद्यापासून उपास. घुमटाला कुलूप लावलंय, मी बघितलं.

म्बाह


सोमवार पाहिंग, १५ एप्रिल

लारास,

ईद झाली. तू आली नाहीस. भिजवलेल्या तांदळाचं जे केलं ते शेजाऱ्यांना वाटून टाकलं.

गल्लीतली पोरं आली, रीतीप्रमाणे त्याच्या गुडघ्याशी बसून माफी मागून गेली. तो त्यांच्या डोक्यावरून दाराकडे बघत राहिला. एकानं विचारलं, "म्बाह, मिस्त्री कुणाची वाट बघतात?" मी म्हटलं, बिस्किटांची. खा आणि पळ.

रविवार आता नुसता पडून असतो, बाकीच्या वारांसारखा. पेज निम्मी सांडते. डॉक्टर येतात, माझ्याशी फार गोड बोलतात. डॉक्टर गोड बोलायला लागले की काय समजायचं ते मला समजतं.

मला करण्यासारखं एकच सुचलं, ते केलं. त्याच्या हाताखालच्या पोरांना बोलावलं आणि म्हटलं, खाट फिरवा. तोंड वायव्येच्या खिडकीकडे करा. ती मागे सरली. थोरला म्हणाला, "म्बाह, भलतंच काय! त्या अंगाला तोंड करून फक्त मढं ठेवतात. मिस्त्रीच आम्हाला ओरडले असते." मी म्हटलं, "ओरडू दे! ओरडला तर मी अख्ख्या गल्लीला जेवण घालीन." त्यांनी दोरी काढली, उत्तर धरली, मग मधली दिशा धरली, आणि खाट लावली. त्याच्याच दोरीनं. शेजारणी बघून गेल्या, तोंडाला पदर लावून. लावू देत.

आता तो दिवसभर त्या खिडकीतून बघतो. बाहेर केळी आहेत, न्हाणीचं पत्र्याचं छप्पर आहे, आणि त्यापलीकडे, नकाशावर बोट न उचलता गेलं तर, तू आहेस. एंदाह म्हणते, तिथून उत्तरेचा तारा स्पष्ट दिसतो, पण तिरकी झोपडी दिसत नाही, ती जमिनीखाली राहते. मग कशाकडे पाठ करायची आणि कशाकडे तोंड, ते तुला तिथं कसं कळतं, मला ठाऊक नाही.

हात त्यानं पुन्हा केलेला नाही. तो खिडकीच्या बाजूला राहील असा उशीवर ठेवला आहे मी, उघडा. मनात आलं तर दुमडायला सोपा.

मी आता काही मागत नाही. फक्त घराची एक गोष्ट बदलली आहे, ती तुला ठाऊक असावी म्हणून हे पत्र. आलीस तर पुढच्या दारानं येऊ नकोस. परसातून, केळींच्या अंगानं ये. पुढच्या दाराकडे आता त्याची पाठ आहे, आणि त्याला मान वळवता येत नाही.

म्बाह वाकिनेम